कंपायलरचं तोंड दाबू नका

बरेच दिवस जालनिशीत काही खरडलं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग पावसाळा, मग दिवाळी... कारणं सांगण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण सुट्टीत घरात एक प्रकार घडला आणि तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते लिहिल्याशिवाय चैन पडायची नाही. विषय तांत्रिक आहे. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि पस्तीस वर्षं शुद्धलेखनाच्या वह्या तपासलेल्या माणसाने यात तोंड घालावं का, याबद्दल आमच्या घरातच दोन मतं आहेत. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढच्या पानावर जावं, राग नाही.

आमच्या लेकीचा मुलगा संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सबमिशन जवळ आलं की सहकारनगरला आमच्याकडे मुक्कामाला येतो. अभ्यासाला शांतता हवी हे सांगायचं कारण, आजीच्या हातचं थालीपीठ हे खरं कारण. या वेळी त्याला लिनक्सचं कर्नेल स्वतः बांधायचं होतं. कर्नेल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, ज्याच्याशिवाय संगणक नुसतं खोकं. त्याचा मूळ मजकूर सी भाषेत लिहिलेला असतो, कोणालाही उतरवून घेता येतो. त्यात स्वतःची एक छोटी भर घालायची, मग कंपायलर नावाच्या प्रोग्रॅमकडून तो सगळा मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवून घ्यायचा, आणि त्यावर संगणक सुरू करून दाखवायचा. प्रात्यक्षिकाच्या छापील कागदावर कर्नेलची आवृत्ती दिली होती ६.१, म्हणजे डिसेंबर २०२२ मधली. पोराच्या लॅपटॉपवर होतं फेडोरा ४२, आणि त्यासोबत आलेला कंपायलर जीसीसी १५, म्हणजे एप्रिल २०२५ मधला. कागदावर कंपायलरच्या आवृत्तीबद्दल अवाक्षर नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आज्ञा दिली, पडद्यावर ओळी धावायला लागल्या आणि थोड्या वेळाने सगळं थांबलं. पोराने शेवटची ओळ वाचली. त्यात 'एरर २' असं काहीतरी होतं. तेवढीच ओळ उचलून त्याने महाजालावर शोधली, आणि मग दोन दिवस आमच्या घरात वैद्यांची रीघ लागली म्हणा ना.

पहिल्या वैद्याने सांगितलं, '-डब्ल्यू' हा पर्याय लाव, कंपायलर कुरकुर करायचं थांबेल. लावला, काही फरक नाही. दुसऱ्याने सांगितलं 'डब्ल्यू-नो-एरर' लाव. लावला, तेच. तिसरा म्हणाला, ज्या फाइलमध्ये अडतंय तिथल्या त्या दोन ओळीच खोडून टाक. आमच्या चिरंजीवांनी खोडल्या! त्यावर कर्नेलच्या शेकडो फाइलींनी एकदम बोंब ठोकली की 'फॉल्स' म्हणजे काय ते आम्हाला कोणी सांगितलेलंच नाही. म्हणजे आधी एका कोपऱ्यात गळत होतं, ते आता घरभर. चौथा सल्ला आमच्या पुतण्याचा. तो बाणेरला एका कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर आहे. फोनवर म्हणाला, "काका, त्याला सांगा जुना जीसीसी टाक. पाच मिनिटांचं काम आहे. नवीन कंपायलर नेहमीच असा त्रास देतात."

रात्री साडेअकराला पोरगं डोकं धरून बसलेलं. मी पाणी प्यायला उठलो होतो. म्हटलं, "अरे, यंत्र नक्की म्हणतंय तरी काय? मोठ्याने वाच बघू."

"आजोबा, तुम्हाला नाही कळणार ते."

"मला कळो न कळो. तू वाच."

पहिल्यांदा त्याने पुन्हा शेवटचीच ओळ वाचली. मी म्हटलं, शेवटची नको, पहिली अडचण जिथे आली तिथून वाच. निबंधात पहिल्या परिच्छेदात कर्ता हरवला की पुढची सगळी वाक्यं लंगडी होतात, म्हणून आपण शेवटचं वाक्य दुरुस्त करत नाही. तो कुरकुरत वर सरकत गेला. आणि तिथे ते होतं. मी माझ्या चष्म्यातून वाचलं ते देवनागरीत लिहितो: 'एरर: कॅनॉट यूज कीवर्ड फॉल्स अ‍ॅज एन्युमरेशन कॉन्स्टंट.' आणि त्याच्याच खाली, अगदी सभ्यपणे: 'नोट: फॉल्स इज अ कीवर्ड विथ -एसटीडी=सी२३ ऑनवर्ड्स.'

मंडळी, ही दुसरी ओळ पुन्हा वाचा. 'सी२३ पासून पुढे फॉल्स हा राखीव शब्द आहे.' यात न कळण्यासारखं काय आहे? इंग्रजी आठवी पास माणसाला कळेल. यंत्राने नुसती चूक दाखवली नव्हती, ती चूक कधीपासून चूक मानली जाते हेही सांगितलं होतं. आणि दोन दिवसांत, चार वैद्यांपैकी एकानेही ती ओळ वाचली नव्हती.

आता थोडं तपशिलात जातो. पुढचं सगळं मी पोराला उभं-आडवं विचारून, शब्दकोश शेजारी ठेवून समजून घेतलेलं आहे. चूक सापडली तर ती माझी.

सी भाषेचा नियमग्रंथ अधूनमधून सुधारतात. पहिला प्रमाण ग्रंथ १९८९ चा, नंतर १९९९, २०११ असे येत गेले. ताजा सी२३, जो आंतरराष्ट्रीय मानक म्हणून २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. मूळच्या सी भाषेत खरं-खोटं सांगणारे 'ट्रू' आणि 'फॉल्स' हे शब्दच नव्हते. कर्नेल लिहिणाऱ्यांना ते हवे होते, म्हणून त्यांनी स्वतःच्या फाइलीत व्याख्या करून टाकली: फॉल्स म्हणजे शून्य, ट्रू म्हणजे एक. काहीच वावगं नाही. आमच्या वाड्यात भाडं गोळा करणाऱ्या एका बोळक्या गृहस्थांना सगळे 'कलेक्टर' म्हणत, तसंच ते. आता उद्या सरकारने फर्मान काढलं की 'कलेक्टर' हा शब्द राखीव, दुसऱ्या कोणी लावायचा नाही, तर ते गृहस्थ गुन्हेगार ठरतील. त्यांनी केलं काहीच नाही, नियम बदलला.

सी२३ ने नेमकं हे फर्मान काढलं. 'ट्रू', 'फॉल्स' आणि 'बूल' हे भाषेचे राखीव शब्द झाले. आणि जीसीसी १५ ने ठरवलं की तुम्ही कुठला नियमग्रंथ ते सांगितलं नाहीत, तर मी सी२३ धरून चालेन. हा 'सांगितलं नाहीत तर' फार महत्त्वाचा आहे. सांगितलंत की मी २०११ च्या नियमांनी लिहिलंय, तर तो मुकाट्याने २०११ च्या नियमांनी वाचतो. त्याची आज्ञा 'एसटीडी=जीएनयू११'. संपलं.

मग कर्नेलने सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं, आणि इथेच खरी गंमत आहे. कर्नेलचं मुख्य बांधकाम कितीतरी वर्षं १९८९ च्या नियमांवर चाललं. २०२२ मध्ये, ५.१८ या आवृत्तीपासून, ते २०११ च्या नियमांवर आणलं गेलं. (कारणही वाचण्यासारखं आहे. जुन्या नियमात फिरत्या आवर्तनाचा चल आवर्तनाबाहेर जाहीर करावा लागे, तो आवर्तन संपल्यावरही मागे रेंगाळायचा आणि त्यातून सुरक्षेच्या चुका घडायच्या. ते बंद करण्यासाठी नियमग्रंथच बदलला.) तर मुख्य इमारतीच्या दारावर पाटी होती. पण संगणक सुरू होताना अगदी आधी चालणारा जो चिमुकला भाग असतो, तो आपल्या सूचनांची यादी वेगळी, पहिल्यापासून स्वतः तयार करतो. त्या यादीत ही पाटी घ्यायची राहून गेली होती. मुख्य घरात 'आम्ही २०११ वाले' अशी पाटी, आणि अंगणातल्या न्हाणीघरावर काहीच नाही. इतकी वर्षं कंपायलर न सांगताही जुनेच नियम धरायचा, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. जीसीसी १५ आला आणि न्हाणीघरापाशी अडला.

दुरुस्ती किती? त्या यादीत एक शब्द. मूळ कर्नेलमध्ये २०२५ च्या सुरुवातीला ती झालीसुद्धा, आणि दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या जुन्या मालिकांतही पोचली. पोराने ६.१ ची पहिली प्रत उतरवली होती. त्याच ६.१ मालिकेतली ताजी प्रत घेतली असती तर हे दोन दिवस वाचले असते. आम्ही त्या रात्री पाटी हाताने लावली. एका जागी लावली, दुसरीकडे अडलं, तिथेही लावली. पोरगं म्हणालं, "आजोबा, एवढंच होतं?" मी म्हटलं, एवढंच होतं आणि ते त्याने पहिल्या मिनिटाला सांगितलं होतं.

आता माझं भांडण सुरू होतं.

पहिलं भांडण '-डब्ल्यू'वाल्यांशी. कंपायलर दोन प्रकारे बोलतो. चूक म्हणजे लाल शाई, त्यापुढे तो जात नाही. इशारा म्हणजे पेन्सिलीची खूण: बाबा रे, इथे जरा बघ. '-डब्ल्यू' ही पेन्सिल मोडून टाकण्याची आज्ञा आहे. आमच्या प्रकरणात तिचा काडीचा उपयोग नव्हता, कारण ती लाल शाई होती. पण ज्याने हा सल्ला दिला त्याने चूक आहे की इशारा हेही पाहिलं नव्हतं! कुठलाही ताप आला की एकच गोळी. बरं, ती गोळी दर वेळी निरुपद्रवी असते असंही नाही. २०२२ मध्ये जीसीसी १२ आला तेव्हा कर्नेलसोबतच्या एका अवजाराचं बांधकाम असंच अडलं होतं. कंपायलर म्हणत होता, स्मृतीतली जी जागा तू परत करून टाकली आहेस तिचाच पत्ता पुढे वापरतो आहेस की काय? शंका रास्त होती, आणि ती ओळ सरळ करून लिहिली गेली. त्या वेळी 'डब्ल्यू-नो-एरर' लावणारेही भरपूर असतील, त्यांचं कामही झालं असेल. घरातला विजेचा फ्यूज उडाला की जाड तार बांधणारे लोक असतात ना, तशातली गत. दिवे लागतात.

दुसरं भांडण आमच्या पुतण्याशी. तो वाचेलच, म्हणून इथेच लिहितो. त्याचा मुद्दा मी नीट ऐकून घेतलाय. तो म्हणतो, कंपनीत हजार ठिकाणी हेच करतात, एक ठराविक कंपायलर धरून ठेवतात आणि वर्षानुवर्षं बदलत नाहीत. नियम बदलणाऱ्यांनी जगाचा वेळ का खावा? यातला पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. धरून ठेवा, पण लिहून ठेवा. 'हे काम अमुक आवृत्तीवर केलं आहे' अशी पाटी लावलीत तर तीही प्रामाणिक सोय आहे. २००० साली रेड हॅट ७ आलं तेव्हा त्यात जीसीसी २.९६ होता, त्यावर कर्नेल धड बांधलं जात नव्हतं. तेव्हा त्यांनी त्याच संचात 'केजीसीसी' नावाने जुना कंपायलर वेगळा दिला, केवळ कर्नेलसाठी. त्या २.९६ वर तेव्हा टीकेची झोड उठली होती, पण निदान दोन डबे होते आणि दोन्हींवर नावं होती. पुतण्या जे सुचवत होता त्यात नाव कुठेच नव्हतं. तिसऱ्या वर्षाच्या पोराने कारण न समजता जुना कंपायलर टाकायचा, सबमिशन उरकायचं आणि 'नवे कंपायलर त्रास देतात' ही समजूत घेऊन उद्या तुमच्याच कंपनीत यायचं. मग तुम्हीच म्हणणार, हल्लीच्या पोरांना काही येत नाही.

नव्या कंपायलरचा त्रास म्हणजे काय याचं अजून एक उदाहरण देतो. २०२० मध्ये जीसीसी १० ने एक सवय बदलली. एकाच नावाचा सार्वजनिक चल दोन फाइलींत जाहीर केला तर पूर्वी तो दोन्ही गुपचूप एक करायचा, आता करेना. त्याबरोबर जुन्या कर्नेलांचं बांधकाम 'वायवायएललॉक' या नावापाशी अडायला लागलं. कारण खरोखरच ते नाव दोन ठिकाणी जाहीर झालं होतं! वर्गात एकाच हजेरी क्रमांकाची दोन मुलं, आणि आजवर मास्तर दोघांची मिळून एकच हजेरी लावत होते. नव्या मास्तरांनी विचारलं, यात दोष कोणाचा?

कंपायलरवाल्यांनाही मी सोडत नाही. त्यांनी गृहीत नियम बदलला की जगभर लोकांच्या रात्री जातात, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. खुद्द लिनस तोरवाल्ड्स यांचीही एप्रिल २०२५ मध्ये तारांबळ उडाली. फेडोरा ४२ वर, म्हणजे जीसीसी १५ वर गेले, नव्या इशाऱ्यांसाठी घाईने बदल केले, आणि ६.१५ च्या तिसऱ्या चाचणी आवृत्तीचं बांधकाम जुन्या कंपायलरवर मोडलं. शेवटी तो एक इशारा त्यांनी तूर्त बंदच केला. म्हणजे तोंड दाबलंच की! पुतण्याने मला हे मोठ्या खुशीत ऐकवलं. फरक एवढाच की त्यांनी इशारा वाचला होता, त्याच्याशी भांडले होते, आणि बंद करताना का करतो आहोत ते बदलासोबत लिहून ठेवलं. तेवढं करा आणि मग खुशाल बंद करा.

तिसरं भांडण माझ्या स्वतःच्या जातकुळीशी, म्हणजे शिक्षकांशी. आणि ते सांगण्याआधी एक कबुली द्यायला हवी, नाहीतर मला बोलायचा अधिकार नाही.

१९७९ ची गोष्ट. नोकरीला लागून चारेक वर्षं झाली होती आणि अंगात शिस्त फार होती. आठवीच्या वर्गात एक मुलगा निबंधात 'कांहीं', 'नाहीं', 'जेव्हां', 'झाडें' असं अनुस्वार देऊन लिहायचा. मी प्रत्येक अनुस्वारावर लाल गोल काढला. पान गोवर आल्यासारखं दिसत होतं. दहापैकी दोन गुण, आणि वर वर्गात वाचून दाखवलं. पोरं हसली. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले, शासनाने ते स्वीकारले. उच्चारात नसलेले अनुस्वार त्यात गेले. नियम माझ्या बाजूला होता.

दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा शाळेत आले. धोतर, काळी टोपी, हातात मुलाची वही. आवाज बिलकूल चढवला नाही. म्हणाले, "मास्तर, तो मी शिकवलं तसं लिहितो. आमच्या वेळी हेच शुद्ध होतं. तुमचा नियम तुम्ही शिकवा, माझी हरकत नाही. पण त्याला सांगा की नियम बदलला. तू चुकलास, असं सांगू नका. त्याला वाटतं आजोबांना लिहिता येत नाही."

मी काय उत्तर दिलं ते लिहायला लाज वाटते. म्हणालो, परीक्षक आजोबांना विचारणार नाहीत. त्यानंतर तो मुलगा शुद्ध लिहायला लागला, आणि कमी लिहायला लागला. दीड पानाचा निबंध अर्ध्या पानावर आला. वर्ष संपलं, तुकडी बदलली.

त्या रात्री पडद्यावर ती 'नोट' वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती वही आली. 'सी२३ पासून पुढे हा शब्द राखीव आहे.' यंत्राने लाल गोल काढला होता, पण शेजारी समासात लिहिलं होतं की हा नियम कधीपासूनचा आहे. आजोबांनी माझ्याकडे एवढंच मागितलं होतं. 'पासून पुढे' हे दोन शब्द.

म्हणून म्हणतो, शिक्षकांनो, तुमच्या छापील कागदाचं बघा. नुसतं 'कर्नेल ६.१ बांधा' असं लिहून भागत नाही. कुठल्या कंपायलरवर, कुठल्या नियमाने, हे लिहिलं नाही तर तो कागद दोन वर्षांत शिळा होतो आणि मुलं दर वर्षी त्याच खड्ड्यात पडतात. मग पुढच्या तुकडीला आधीची तुकडी 'तो अमुक फ्लॅग टाक, चालतं' असं कानात सांगते. ते आमच्या वेळच्या गाइडासारखंच. उत्तर मिळतं, प्रश्न काय होता ते कोणाला विचारू नका.

हे काही आजचं दुखणं नाही. आपल्याकडे टर्बो सी नावाची निळी पाटी किती वर्षं पुजली गेली ते आठवा. बोरलँडचा हा कंपायलर १९८७ चा, डॉसवर चालणारा. जग पुढे गेलं, डॉस गेलं, बोरलँडने त्याच्याकडे पाठ फिरवली, तरी आपल्या महाविद्यालयांतून पोरं नव्या कोऱ्या संगणकावर डॉसचं सोंग आणणारा प्रोग्रॅम टाकून त्यात टर्बो सी चालवत राहिली. 'व्हॉइड मेन' आणि 'क्लिअरस्क्रीन' हीच सी भाषा, असं पिढ्यांना वाटलं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' वाचून लाखो पोरं शिकली. ते पुस्तक सुधारून पुढच्या आवृत्त्या येत राहिल्या, पण त्याच्यावर शिकवणारे कित्येक जण पहिल्या आवृत्तीपाशीच थांबले. नियमग्रंथाला आवृत्ती असते, हेच ज्यांना कधी कोणी सांगितलं नाही ते '-एसटीडी' पाहून कपाळावर आठ्या घालणारच.

आणि कृपा करून असं म्हणू नका की हे सगळं अमेरिकेत ठरतं, आपण नुसते वापरणारे. याच पुण्यात, हिंजवडीत, केपीआयटी कमिन्सच्या लोकांनी २००० नंतरच्या दशकात हिताची आणि पुढे रेनेसासच्या एसएच, एच८ या चिपांसाठी जीएनयूचे कंपायलर तयार केले, सांभाळले आणि जगाला फुकट दिले. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीची अंतर्रचना उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत मुक्त प्रणालीवाल्यांची 'ग्नुनिफाय' नावाची जत्रा वर्षानुवर्षं भरत असे. म्हणजे कंपायलरच्या पोटात शिरलेली माणसं आपल्या गावात होती, आहेत. त्याच गावातलं पोरगं कंपायलरने दिलेलं साधं एक वाक्य वाचत नाही, हे मला सहन होत नाही.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही फार मनाला लावून घेता. त्याचं काम झालं ना?" झालं. पण तिलाही एक आठवण करून दिली. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' च्या जोडीने 'वीस एक' आलं तेव्हा घराघरातून केवढा गिल्ला झाला होता! तिनेही फोनवर मला अर्धा तास ऐकवलं होतं. त्या वेळी नियम बदलला की त्रास कोणाला होतो, कसा सांगायचा असतो, हे तिला बरोबर कळत होतं. संगणकाचा विषय आला की मात्र 'काम झालं ना'. असो.

सबमिशनचं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. पोराने दोन्ही जागी केलेला बदल अहवालात लिहिला. सोबत कंपायलरची ती नोट जशीच्या तशी उतरवली आणि खाली एक ओळ टाकली: 'कर्नेल ६.१, जीसीसी १५, नियम जीएनयू११.' तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, हे कशाला लिहिलंस, मागितलं नव्हतं. त्याने सांगितलं की पुढच्या वर्षीच्या मुलांना लागेल. सर म्हणाले, "बरं," आणि सही केली. छापील कागद बदलणार का, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही. मी म्हटलं, मी येऊन विचारू का? तर म्हणतो, "आजोबा, प्लीज नको."